भाजलेल्या देहावरील नवी त्वचा

शास्त्रांतील मोठे शोध पुष्कळदां आडवाटेनें येतात. अमेरिकेंतील हॉवर्ड ग्रीन व जेम्स राइनवाल्ड हे उंदराच्या एका अर्बुदाचा अभ्यास करीत असतां त्यांना त्यांत त्वचेसारख्या पेशी आढळल्या. त्या वाढवितां वाढवितां मानवी त्वचा वाढविण्याची युक्तिही त्यांना सांपडली. किरणांच्या योगें ज्यांची वाढ थांबविली आहे अशा उंदराच्या पेशींचा थर पसरून त्यावर त्यांनीं मानवी पेशी पेरल्या. १९७५ सालीं ही कृति प्रसिद्ध झाली.

या विद्येची खरी कसोटी १९८३ सालीं लागली. ५ व ६ वर्षांचे दोन भाऊ ९५ टक्क्यांहून अधिक भाजले. कलमासाठीं घ्यावी एवढी धड त्वचाच अंगावर उरली नव्हती. बॉस्टन येथें त्यांच्या काखेंतील २ चौरस सेंटिमीटरांच्या तुकड्यांपासून पातळ पडदे वाढवून जवळजवळ अर्धें अंग झांकण्यांत आलें, आणि दोघेही वांचले.

हे पडदे टिकले कां? त्वचेच्या साऱ्याच पेशी सारख्या नसतात. थोड्यांच्याच अंगीं दीर्घकाळ विभागत राहण्याची शक्ति असते, हें ग्रीन व यान बरांदों यांनीं १९८७ सालीं दाखविलें. त्याच मूलपेशी. वाढवितांना त्या हरवल्या तर पडदा धरतो, पण कालांतरानें गळून जातो.

मात्र या नव्या त्वचेंत घर्मग्रंथि नाहींत, केंस नाहींत. प्राण वांचला, तरी उन्हाळ्यांत घामानें निवणारें अंग परत मिळालें नाहीं. जीवदान देणें व पूर्ववत् देह देणें या गोष्टी भिन्न आहेत. पहिलींतील यशानें दुसरीचें ऋण फिटत नाहीं.