दोन तारांची कुळकथा

ऐंशीच्या दशकात मोटारीत इलेक्ट्रॉनिक्स शिरलं आणि तारांचं जंजाळ वाढत गेलं. चाकांचा वेग ब्रेकच्या एबीएस यंत्रणेला हवा, तोच गिअरबॉक्सलाही हवा. मग ज्याची त्याची वेगळी तार. तारांचा जुडगा, म्हणजे हार्नेस, जाडजूड झाला, वजन वाढलं, आणि जितके जोड तितक्या बिघाडाच्या जागा झाल्या.

जर्मनीच्या बॉश कंपनीनं १९८३ साली यावर काम सुरू केलं. फेब्रुवारी १९८६मध्ये डेट्रॉइटला मोटार-अभियंत्यांच्या एसएई परिषदेत उवे कीन्के आणि सहकाऱ्यांनी ‘कॅन’ पद्धत मांडली: सगळ्यांत मिळून एकच केबल, तीही एकमेकींत पिळलेल्या दोन तारांची. पीळ उगाच नाही. इंजिनाजवळची विद्युत खरखर दोन्ही तारांवर सारखीच चढते. वाचणारा बघतो तो दोन तारांच्या व्होल्टेजमधला फरक, त्यामुळे ती खरखर वजा होऊन जाते.

तार वाचली म्हणून कॅनचं कौतुक होतं. माझ्या मते खरी करामत पुढे आहे. केबल एक आणि बोलणारे अनेक म्हटल्यावर कधीतरी दोघं एकाच क्षणी तोंड उघडणारच. कॅनमध्ये प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीला त्याचा क्रमांक जातो, आणि तारेवर ० नेहमी १ला दाबतो. पाठवणारा पाठवता पाठवता तार ऐकतही असतो. आपण १ पाठवला आणि तारेवर ० दिसला, की तो तिथल्या तिथे गप्प बसतो. लहान क्रमांकाचा, म्हणजे जास्त निकडीचा, संदेश एक बिटही न गमावता पुढे जातो. थांबलेला नंतर पुन्हा प्रयत्न करतो. वर कोणी मुकादम लागत नाही. संदेशावर पत्ताही नसतो: चाकांचा वेग एकदा तारेवर आला, की ज्याला हवा त्यानं उचलावा. किती साधं, आणि किती विचारपूर्वक केलेलं!

१९८७मध्ये इंटेलची कॅन चिप आली. फिनलंडच्या कोने कंपनीनं ही पद्धत लिफ्टमध्ये आणली, मर्सिडीजनं एस-क्लासमध्ये. १९९३मध्ये आयएसओ ११८९८ हे मानक झालं, आणि २००८पासून अमेरिकेत नव्या मोटारींच्या तपासणी-सॉकेटला कॅन सक्तीचं झालं.

स्टिअरिंगखालच्या त्या सोळा पिनांच्या सॉकेटला मेकॅनिक स्कॅनर लावतो, तो याच तारांवर ऐकतो. केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. स्कॅनर बोलत नसेल, तर बॅटरी सुटी करून ६ आणि १४ नंबरच्या पिनांना मीटर लावा. दोन्ही रेझिस्टर समांतर असल्यानं बहुतेक गाड्यांत साधारण ६० ओहम यायला हवेत. १२० आले, तर एक टोक सुटलंय.