जाळे सांभाळणाऱ्यांची परीक्षा

भाईंदर स्थानकाच्या पश्चिमेकडून उत्तनच्या दिशेने जाणारा रस्ता धरला, की मुर्धा, राई, मोर्वा ही गावे एकामागून एक लागतात. जुनी गावे आणि मिठागरे यांचा हा परिसर आता मीरा-भाईंदर महानगरपालिकेत आहे. इथल्या शाळा-महाविद्यालयांतून बारावी होणारी मुले शिक्षकांना जे प्रश्न विचारतात, त्यांत एक प्रश्न हमखास असतो : ‘नेटवर्किंगचा कोर्स करू का? सर्टिफिकेट मिळाले की नोकरी लागते म्हणतात.’

प्रश्न साधा आहे, पण उत्तर देणाऱ्यावर जबाबदारी मोठी. घरातले पैसे आणि उमेदीचे एक-दोन वर्ष त्यावर लागणार असते. हे प्रमाणपत्र नेमके कशाचे, ते कोण देते आणि ते देण्याचा अधिकार त्याला कुठून आला, हे ठाऊक असेल तर आपण नीट सल्ला देऊ शकू. त्यासाठी थोडे मागे जायला हवे.

माणूसच जेव्हा यंत्र होता

संदेशांचे जाळे म्हणजे काय? एका ठिकाणाहून निघालेला निरोप मधल्या अनेक ठिकाणी घेतला जातो, कुठे पाठवायचा ते ठरते आणि तो पुढे रवाना होतो. भारतात असे विजेवर चालणारे पहिले मोठे जाळे तारायंत्राचे. विल्यम ओ’शॉनेसी या डॉक्टरने १८३९ साली कलकत्त्याजवळ तारेचे प्रयोग केले होते. १८५१ साली कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार सुरू झाली आणि १८५५ च्या फेब्रुवारीत कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास यांना जोडणारी तारसेवा सर्वांसाठी खुली झाली.

या जाळ्यात मधल्या ठाण्यावर निरोप पुढे पाठवण्याचे काम माणूस करी. तो खटखट ऐकून मजकूर लिहून घेई, पत्ता पाही आणि दुसऱ्या तारेवर तोच मजकूर पुन्हा वाजवी. म्हणून तारबाबूची परीक्षा म्हणजे हाताची आणि कानाची परीक्षा. मिनिटाला किती शब्द पाठवता येतात? किती शब्द बिनचूक घेता येतात? एखाद्याची चूक झालीच, तर एका तारेतला एखादा शब्द बिघडे.

पुढे बिनतारी संदेश आले आणि परीक्षेचे स्वरूप बदलले. १९०६ साली बर्लिन येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात असे ठरले, की जहाजावरच्या बिनतारी चालकाकडे सरकारने दिलेले प्रमाणपत्र असले पाहिजे. मिनिटाला किमान वीस शब्दांचा वेग, यंत्र जुळवून घेण्याची माहिती आणि नियमांचे ज्ञान या तीन गोष्टी त्यासाठी तपासल्या जात. शिवाय चालक निरोपांची गुप्तता पाळण्यास बांधलेला असे. सरकारने यात लक्ष का घातले? कारण आकाश सर्वांचे सामायिक. एका जहाजावरचा अडाणी चालक नको तेव्हा संदेश पाठवू लागला, तर दुसऱ्या जहाजाची संकटातली हाक बुडून जाई. म्हणजे जी वस्तू सामायिक आहे, तिला हात लावणाऱ्याची पात्रता समाजाने तपासावी, हा विचार इथे स्पष्ट दिसतो.

जुहू ते पवई

आता राईपासून सरळ रेषेत सुमारे वीस किलोमीटर दक्षिणेला, जुहूला येऊ. तिथे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एन.सी.एस.टी., ही संस्था होती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत वाढलेल्या एका केंद्रातून १९८५ साली ती आकाराला आली. श्रीनिवासन रमणी हे तिचे संचालक होते. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने, संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने, ‘अर्नेट’ नावाचा प्रकल्प सुरू केला. विभागाखेरीज त्यात पाच आय.आय.टी., बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि एन.सी.एस.टी. अशा सात संस्था होत्या. शिक्षण आणि संशोधन करणाऱ्या संस्थांचे संगणक एकमेकांना जोडायचे, हा त्याचा हेतू.

या संस्थांमधली अगदी सुरुवातीची ईमेल १९८६-८७ च्या सुमारास धावली ती जुहूची एन.सी.एस.टी. आणि पवईची आय.आय.टी. यांच्यामध्ये. अंतर जेमतेम दहा किलोमीटर. जोडणी साध्या टेलिफोनची. मोडेम नावाचे उपकरण संगणकातल्या शून्य-एकांचे आवाजात रूपांतर करी आणि पलीकडचे मोडेम त्या आवाजाचे पुन्हा शून्य-एक करी. १९८९ च्या सुमारास एन.सी.एस.टी.मधून अमेरिकेशी कायमची तार जोडली गेली. तिचा वेग सेकंदाला ९,६०० बिट. एका अक्षराला आठ बिट धरले, तर दहा लाख अक्षरांचा मजकूर जायला सुमारे चौदा मिनिटे लागत. हे गणित विद्यार्थ्यांना जरूर करायला द्यावे.

या मंडळींकडे नेटवर्किंगचे प्रमाणपत्र होते का? नव्हते. देणारेच कोणी नव्हते! ती गणित, भौतिकी, अभियांत्रिकी शिकलेली माणसे होती. जाळे उभारता उभारता ती शिकली आणि त्यांनी इतरांना शिकवले. मनुष्यबळ तयार करणे हा अर्नेटच्या उद्दिष्टांचाच एक भाग होता. रमणी यांना २०१४ साली ‘इंटरनेट हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळाले. पण ही वाट मोजक्या संस्थांच्या आवारातून जात होती. राईतल्या मुलासाठी वीस किलोमीटरवरचे हे शिक्षण, आय.आय.टी.त प्रवेश मिळाल्याखेरीज, फार दूर होते.

कंपनी परीक्षक होते

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सेवा सर्वसामान्यांसाठी खुली केली. १९९८ च्या अखेरीस खासगी कंपन्यांनाही ही सेवा देण्याची मुभा मिळाली. बँका, कारखाने, कार्यालये यांचे संगणक जोडले जाऊ लागले आणि जाळे सांभाळणारी माणसे हजारोंनी लागू लागली.

आता संदेश पुढे पाठवण्याचे काम माणसाकडे राहिले नव्हते. ते ‘राउटर’ नावाचे यंत्र करते. संदेशाचे लहान तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यावर पत्ता असतो, राउटर तो पत्ता वाचून तुकडा पुढच्या वाटेला लावतो. म्हणजे जुन्या तारबाबूचेच काम, पण सेकंदाला लाखो वेळा! माणसाचे काम एक पायरी वर सरकले : राउटरला नियम सांगायचे आणि काही अडले तर दोष शोधायचा.

तुकडे कसे करायचे, पत्ते कसे लिहायचे, याचे नियम सर्व जगात सारखे आहेत. पण राउटरला सूचना द्यायची भाषा प्रत्येक कंपनीची वेगळी. यंत्र विकले आणि विकत घेणाऱ्याने ते चुकीचे जुळवले, तर नाव कंपनीचेच खराब होणार. म्हणून कंपन्या स्वतःच परीक्षा घेऊ लागल्या. नॉव्हेल कंपनीने १९८० च्या दशकाच्या अखेरीस अशी परीक्षा सुरू केली. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या दोघांनी १९८४ साली स्थापन केलेल्या सिस्को कंपनीने १९९३ साली ‘सी.सी.आय.ई.’ ही अवघड परीक्षा काढली. तिचा प्रात्यक्षिक भाग दोन दिवस चाले. आधी उमेदवाराने जाळे उभारायचे, मग परीक्षकाने त्यात गुपचूप बिघाड करून ठेवायचे आणि उमेदवाराने ते शोधून दुरुस्त करायचे. प्रमाणपत्रांचे क्रमांक १०२४ पासून सुरू केले आणि तो पहिला क्रमांक माणसाला न देता प्रयोगशाळेलाच दिला! १०२४ म्हणजे दोनाचा दहावा घात, हे चाणाक्ष विद्यार्थी लगेच ओळखतील. नवशिक्यांसाठीची ‘सी.सी.एन.ए.’ ही परीक्षा १९९८ साली आली. आपल्याकडचे बहुतेक क्लास जिच्या जाहिराती करतात, ती हीच.

या परीक्षेला बसायला पदवी लागत नाही, कॉलेजचे नाव कोणी विचारत नाही. आय.आय.टी.चे दार ज्यांना बंद होते त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट होती. पण दुसरी बाजूही आहे. परीक्षेचे शुल्क डॉलरमध्ये ठरते, अभ्यासक्रम कंपनी ठरवते आणि प्रमाणपत्र तीन वर्षांनी संपते. यंत्र विकणारा, शिकवणारा आणि परीक्षा घेणारा एकच असला, तर विद्यार्थी शास्त्र शिकतो की त्या कंपनीची बटणे, हा प्रश्न उरतोच.

शास्त्र कोणते, बटणे कोणती?

एक उदाहरण घेऊ. एका शाळेला १९२.१६८.१०.० ते १९२.१६८.१०.२५५ असे २५६ पत्ते वापरायचे आहेत. चार खोल्यांसाठी त्यांचे चार सारखे भाग करू : ० ते ६३, ६४ ते १२७, १२८ ते १९१ आणि १९२ ते २५५. प्रत्येक भागातला पहिला पत्ता त्या भागाचे नाव म्हणून आणि शेवटचा ‘सर्वांना उद्देशून’ राखून ठेवतात. उरले ६२.

आता ज्यांच्या पत्त्याच्या शेवटी ७० आणि १३० आहे, असे दोन संगणक एकाच खोलीतले का? द्विमान पद्धतीत ७० म्हणजे ०१०००११० आणि १३० म्हणजे १००००0१०. पहिले दोन अंक पाहा : एकाचे ०१, दुसऱ्याचे १०. म्हणजे खोल्या वेगळ्या. त्यांचा निरोप राउटरमधूनच गेला पाहिजे. १०० चे रूप ०११००१००. म्हणजे १०० आणि ७० शेजारी आहेत.

हे शास्त्र. सहावी-सातवीतल्या विद्यार्थ्यालाही ते कागद-पेन्सिलीने समजते आणि ते कोणत्याही कंपनीच्या यंत्राला लागू पडते. कोणत्या यंत्रावर कोणती आज्ञा टंकायची, ही झाली बटणे. नोकरीला दोन्ही लागतात. पण बटणे दर काही वर्षांनी बदलतात.

नुसती बटणे पाठ असलेल्यांची एक जातच मग तयार झाली. मागच्या परीक्षांचे प्रश्न मिळवायचे, घोकायचे, पास व्हायचे आणि खरा बिघाड समोर आला की गोंधळायचे! अशांना संगणक क्षेत्रात ‘कागदी’ प्रमाणपत्रधारक म्हणू लागले. आपल्याला गाईड घोकणारा विद्यार्थी नवा नाही. फरक इतकाच, की इथे चुकीचे परिणाम दूरवर जातात. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक आणि व्हॉट्सॲप जगभर सुमारे सहा तास बंद पडले, ते आठवत असेल. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेने कंपनीचे आतले जाळे तुटले. चुकीच्या आज्ञा अडवणाऱ्या प्रणालीतही दोष होता. ही आज्ञा देणारी माणसे अडाणी नव्हती, तरी हे झाले. तारबाबूच्या चुकीने एक शब्द बिघडे, इथे कोट्यवधींचे निरोप थांबले.

मग विद्यार्थ्याला काय सांगावे?

‘कोर्स करू नको’ असे सांगण्याचे कारण नाही. हा इतिहास पाहता काही गोष्टी तपासून पाहायला मात्र सांगावे. क्लास संपल्यावर मिळणारा कागद आणि बाहेरची परीक्षा देऊन मिळणारे प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शुल्कात कोणती मिळते? हाताळायला खरी यंत्रे आहेत का, की नुसते फळ्यावर शिकवतात? मुद्दाम बिघाड करून तो शोधायला लावतात का? प्रश्नसंच घोकून ‘शंभर टक्के पास’ची हमी कोणी देत असेल, तर तिथून परत फिरावे. सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये संगणक व नेटवर्क देखभालीचा अभ्यासक्रम असतो आणि पदवीनंतर सी-डॅकचेही अभ्यासक्रम आहेत. एन.सी.एस.टी. पुढे याच सी-डॅकमध्ये विलीन झाली. या वाटाही त्याला दाखवाव्यात.

आणि आपल्या वर्गात? पाच-सहा मुलांना ‘राउटर’ करून वेगवेगळ्या बाकांवर बसवा. प्रत्येकाजवळ ‘कोणत्या पत्त्याची चिठ्ठी कोणाकडे द्यायची’ अशी यादी द्या आणि चिठ्ठ्या फिरू द्या. मग कोणाला न सांगता एका यादीतली एक ओळ बदला. चिठ्ठ्या चुकीकडे जाऊ लागतील, कदाचित दोघांमध्येच फिरत राहतील. दोष कुठे आहे, हे फक्त चिठ्ठ्यांच्या प्रवासावरून मुलांना शोधू द्या. ज्या विद्यार्थ्याला हे शोधताना मजा वाटेल, त्याला हा कोर्स जरूर करू द्यावा.