ठरावाची वही आणि आपला इतिहास

आपल्या इतिहासलेखनाला रणांगणाची ओढ आहे. महाडचे तळे, पर्वतीची पायरी, काळारामाचा दरवाजा, नामांतराचा लढा हे आपले मैलाचे दगड आहेत आणि त्यांचा अभिमान बाळगावा तेवढा थोडाच. परंतु ज्या भिंतीवर हे लढे जाऊन आदळले ती भिंत कोणी बांधली, कोणत्या दिवशी, कोणत्या खोलीत बसून बांधली, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. ती भिंत एका दिवसात उभी राहिली नाही आणि केवळ मनुस्मृतीच्या पानांनीही उभी राहिली नाही. लोकल बोर्ड, म्युनिसिपालटी आणि ग्रामपंचायत यांच्या नित्याच्या सभांमधून ती ठरावागणिक चढत गेली. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, खर्चास मंजुरी देणे, विहीर दुरुस्तीचा अर्ज वाचणे, ऐनवेळचे विषय घेणे, आभार आणि चहा. एवढ्या साध्या क्रमात आपल्या वस्तीचे पाणी, रस्ता आणि शाळा यांचा निकाल लागत आला आहे. म्हणून मी म्हणतो, ठरावाची वही हा दलित इतिहासाचा अस्सल दस्तऐवज आहे आणि आपण तो अजून उघडलेला नाही.

वसई तालुक्यातील गास हे गाव डोळ्यांपुढे ठेवून मी हे मांडत आहे. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेस, वाड्या आणि खाजणांच्या पट्ट्यात हे गाव आहे. या भागातील विद्यार्थ्यांपुढे बोलताना मी फळ्यावर एकच साल लिहितो, १८८२. त्या एका सालात तीन गोष्टी घडल्या. त्या एकमेकींशेजारी ठेवल्या म्हणजे आपला विषय समजतो.

पहिली गोष्ट गासच्या शेजारी, सोपाऱ्यात घडली. १८८२ च्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील एक टेकाड उकरले आणि आतून बौद्ध स्तूप निघाला. दगडी पेटीत अस्थिकरंडक, सोन्याची फुले, भिक्षापात्राचे तुकडे, बुद्धमूर्ती अशा वस्तू मिळाल्या. त्याच सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. लोक त्या टेकाडाला काय म्हणत होते? बुरुड राजाचा कोट! सुपे आणि टोपल्या विणणारा बुरुड आज महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत आहे. ज्याला गावाने गावकुसाशी बसवले त्याच्या नावाने लोकस्मृतीने एक कोट शतकानुशतके राखून ठेवला होता. या कहाणीचा ऐतिहासिक अर्थ काय लावावा हा पंडितांचा विषय आहे. परंतु सत्तेच्या जागेशी आपले नाव जोडलेले असण्याची आठवण जनमानसात होती, एवढे मला पुरेसे वाटते.

दुसरी गोष्ट त्यानंतर महिनाभराने घडली. १८ मे १८८२ रोजी लॉर्ड रिपनच्या सरकारने स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला. त्यातून मुंबई इलाख्यात १८८४ चा लोकल बोर्डांचा कायदा आला आणि जिल्हा व तालुका बोर्डे उभी राहिली. रस्ते, शाळा, दवाखाने, विहिरी, धर्मशाळा ही त्यांची कामे. पैसा कोठून आला? जमीन महसुलाच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड घेण्याची पद्धत त्याआधीच, १८६९ च्या कायद्याने पक्की झाली होती. ‘स्वराज्य’ हा शब्द सरकारी कागदावर प्रथम असा सारा आणि मालमत्ता यांच्या हिशेबात उतरला. ज्याच्या नावावर जमीन, त्याच्या हाती मत. ज्याच्या श्रमातून ती जमीन पिकली तो सभेच्या बाहेर.

तिसरी गोष्ट ऑक्टोबरची. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिले. शेतकऱ्यांकडून लोकल फंड गोळा होतो, पण त्यांच्या मुलांच्या शिक्षणावर तो खर्च होत नाही, हे त्यांनी बजावून सांगितले. महार-मांगांच्या मुलांना इतर मुलांत बसू देत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी शाळा काढा, अशी मागणी केली. आणि प्राथमिक शाळा स्थानिक कमिट्यांच्या हवाली करण्यास त्यांनी विरोध केला. का? कारण त्या कमिट्यांत पाटील, इनामदार, सरदार बसणार हे ते जाणून होते. रिपनचा ठराव निघून अवघे पाच महिने झाले होते. देशभर त्याचे स्वागत चालू असताना जोतीरावांनी नेमका प्रश्न विचारला होता : स्थानिक स्वराज्य खरे, पण कोणाचे?

हा प्रश्न त्यांनी हवेत विचारला नव्हता. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे म्युनिसिपालटीचे नेमलेले सभासद होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतासाठी म्युनिसिपालटीच्या पैशातून हजार रुपये खर्च करण्याचा विषय आला. जोतीरावांनी एकट्याने विरोध केला. करदात्यांचा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे. ठराव अर्थातच मंजूर झाला. मग त्या एका ‘नाही’चा उपयोग काय, असे विचारणारे आजही भेटतात. उपयोग हा की त्या दिवसापासून तो ठराव ‘सर्वानुमते’ राहिला नाही.

‘सर्वानुमते’ या शब्दाकडे कार्यकर्त्यांनी बारकाईने पाहावे. नित्याच्या कामकाजाची तीन हत्यारे आहेत : सर्वानुमते, तहकूब आणि दप्तरी दाखल. ‘सर्वानुमते’ म्हणजे जो बोलला नाही किंवा ज्याला बोलू दिले नाही त्याचीही संमती. ‘तहकूब’ म्हणजे आजचा विषय अशा दिवसावर ढकलणे की ज्या दिवशी अर्जदार कामावर असेल. ग्रामसभेला मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. पण गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे पहिल्या दिवशी शंभरांशिवाय जे होत नव्हते ते पुढच्या सभेत मूठभरांनी होऊ शकते. आणि ‘दप्तरी दाखल’ म्हणजे अर्ज नाकारलाही नाही, मंजूरही केला नाही, फक्त गाडून टाकला. शिवी दिली असती तर फिर्याद करता आली असती. दप्तरी दाखल झालेल्या अर्जावर फिर्याद कोणाविरुद्ध करणार?

महाडचा इतिहास या दृष्टीने पुन्हा वाचावा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पैशातून बांधलेली व चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुली असावीत असा तो ठराव होता. सरकारने तो खात्यांकडे पाठवला. महाड म्युनिसिपालटीने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर काम पुरे झाले! पण तळ्यावर अस्पृश्याचा हात पोहोचला नाही. अंमलबजावणी होत नाही हे पाहून बोल्यांनी १९२६ मध्ये दुसरा ठराव आणला : जी म्युनिसिपालटी किंवा लोकल बोर्ड हे मानणार नाही तिचे अनुदान सरकारने बंद करावे. हा माणूस कामकाजाची नाडी ओळखत होता. बोर्डाला धर्मोपदेश करून भागत नाही, त्याच्या अनुदानाला हात घालावा लागतो.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा ते एका नगरपालिकेच्या ठरावाचीच अंमलबजावणी करत होते. जे म्युनिसिपालटीने लिहिले ते लोकांनी करून दाखवले. मग म्युनिसिपालटीने काय केले? ४ ऑगस्ट १९२७ रोजी तिने आपला ठराव रद्द केला. बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. डोकी फोडणाऱ्यांचा हल्ला आपल्या लक्षात राहिला आहे. हा दुसरा हल्ला मात्र हात वर करून झाला आणि त्याची नोंद इतिवृत्तात झाली. पुढे डिसेंबर १९२७ मध्ये दावा दाखल झाला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. वादींना अनादि रूढी सिद्ध करता आली नाही. तळे म्युनिसिपालटीच्या ताब्यातले ठरले. दहा वर्षांच्या या लढ्याचा कायदेशीर कणा कोणता? तळे कोणाच्या दप्तरी आहे, हा!

म्हणूनच बाबासाहेबांनी स्थानिक संस्थांचा प्रश्न कधी किरकोळ मानला नाही. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारात विधिमंडळातील जागांबरोबर स्थानिक संस्थांच्या निवडणुकांचेही कलम आहे. दलित म्हणून कोणावरही तेथे अपात्रता लादली जाणार नाही, असे ते सांगते. करारानंतर बाराव्याच दिवशी, ६ ऑक्टोबर रोजी, ते मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर उभे राहिले. अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाची तरतूद नसलेल्या, पण न्यायदानाचे अधिकार मागणाऱ्या पंचायतीला त्यांनी विरोध केला. सोळा वर्षांनी, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी, संविधान सभेत त्यांनी खेड्याच्या गौरवगीताचा फुगा फोडला. त्यानंतर त्याच महिन्यात ग्रामपंचायतींचे कलम संविधानात आले आणि आज ते कलम ४० आहे. बाबासाहेबांचा विरोध लोकशाहीला नव्हता. दलिताला सभासद न मानणाऱ्या लोकशाहीला तो होता.

महाराष्ट्रात १९५८ या सालचे दोन कायदे शेजारी ठेवण्यासारखे आहेत. एकाने कनिष्ठ गावकामगार वतने, म्हणजे महारकी, रद्द केली. दुसरा ग्रामपंचायतींचा. जो कालपर्यंत गावाच्या सभेची दवंडी देत होता तो आता त्या सभेचा सभासद होऊ शकत होता. परंतु दवंडी देणारा पाय सभेच्या सतरंजीवर पडणे एवढे सोपे होते काय? राखीव जागा मिळाली, पण सरपंचपदाचे आरक्षण १९९३ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतरच आले. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. त्यांनी आपल्या उत्पन्नाचा वीस टक्के आणि ग्रामपंचायतींनी पंधरा टक्के भाग मागासवर्गीयांसाठी खर्च करावा असा दंडक आला. हा पैसा खरोखर कोठे गेला हे सांगणारी एकच जागा आहे, ती म्हणजे ठराव आणि खर्चाची वही. समाजमंदिराच्या भिंतीवरचा रंग ते सांगणार नाही.

आता गासकडे परत येऊ. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि भोवतालची त्रेपन्न गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. गावांतून प्रचंड विरोध झाला. २०११ मध्ये शासनाने २९ गावे वगळण्याची अधिसूचना काढली, ती न्यायालयात अडकली आणि २०२४ मध्ये शासनाने गावे महापालिकेतच ठेवण्याच्या दिशेने पुन्हा अधिसूचना काढल्या. हिरवा पट्टा राहावा, घरपट्टी वाढू नये, ही गावकऱ्यांची बाजू मी समजू शकतो. परंतु दलित कार्यकर्त्यासमोर येथे दुहेरी पेच आहे. गाव राहावे म्हणताना कोणते गाव, हे त्याला विचारावे लागते, कारण गावाने त्याला सभेबाहेर ठेवले होते. आणि शहर यावे म्हणताना हेही पाहावे लागते की, ज्या ग्रामसभेत उभे राहून नाव घेऊन प्रश्न विचारण्याचा हक्क त्याला एवढ्या झगड्याने मिळाला ती ग्रामसभाच शहरात उरत नाही. महापालिकेच्या सभागृहात बोलतो तो नगरसेवक. नागरिक बोलत नाही.

आणि नगरसेवकही नसला तर? २०२० च्या जूनमध्ये वसई-विरार महापालिकेची मुदत संपली. त्यानंतर निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधली साडेपाच वर्षे प्रशासकाचा कारभार होता. कामे झाली असतील, रस्ते झाले असतील. परंतु त्या काळात सूचक कोण होते, अनुमोदक कोण होते, विरोध कोणी नोंदवला? जेथे सभाच नाही तेथे जोतीरावांचा एकाकी ‘नाही’ लिहायचा कोठे? राखीव जागेवर निवडून येणारा आपला माणूस दुबळा असतो, दुसऱ्याच्या ताटाखालचा असतो, अशी टीका आपण करतो आणि ती पुष्कळदा खरीही असते. पण रिकामी खुर्ची दुबळ्या माणसाहूनही मुकी असते.

१९५६ साली गासजवळच्या भुईगावात अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्याच वर्षी नागपूरला धर्मांतर झाले. नवव्या लेखाचा आशय मोठा साधा आहे. आजारपण, लग्न, जन्म, प्रवास अशा प्रसंगी लोक नाना मंगलविधी करतात, पण खरे मंगल म्हणजे दास आणि चाकर यांच्याशी नीट वागणे. राजाने हे नुसते मनात ठेवले नाही, दगडावर कोरून लोकांच्या वाटेवर उभे केले. राज्यकारभाराची नोंद उघड्यावर असावी, ही गोष्ट या मातीला नवी नाही.

तेव्हा माझी सूचना अगदी व्यवहाराची आहे. प्रत्येक तालुक्यात चार शिक्षक आणि चार विद्यार्थ्यांनी मिळून आपापल्या गावाची जुनी इतिवृत्ते वाचावीत. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे. जी ग्रामपंचायत महापालिकेत गेली तिच्या दप्तराची चौकशी अगोदर करावी, कारण संस्था संपली की तिच्या वह्यांची वाट पाहणारे पहिले प्राणी वाळवी आणि रद्दीवाला हेच असतात. वस्तीच्या विहिरीचा अर्ज कोणत्या साली आला, किती वेळा तहकूब झाला, सूचक कोण, विरोधात कोण, पंधरा टक्के कोठे खर्च झाले, याची यादी करावी. आणि जो आपला सभासद आज सभागृहात बसला आहे त्याला एवढेच शिकवावे की, मागील सभेचे इतिवृत्त कायम करण्याचा विषय येईल तेव्हा मान डोलवण्यापूर्वी ते वाचून दाखवण्याची मागणी कर, आणि पटले नाही तर तुझा विरोध तुझ्या नावाने लिहून घे.