पेटीवाल्यांचे ऋण

पियानो म्हटला की परदेशी वादकांची नावे निघतात; पण तसल्याच काळ्यापांढऱ्या पट्ट्यांवर आपले राग बोलते करणारे आपले कलावंत आपण विसरून बसलो!

गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) रसिकांना ठाऊक, ते १९११ च्या 'मानापमाना'तील चालींमुळे, नाहीतर १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'तील हरिश्चंद्र म्हणून. पण भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयाला त्यांच्या पेटीची साथ असे, आणि एकटी पेटीही ते मैफलीत रंगवीत.

पट्टीचा सूर बांधीव. त्यातून मींड कशी निघावी? म्हणूनच १९४० साली रेडिओने पेटीला दार बंद केले. ते किलकिले व्हायला १९७१ साल उजाडले. त्या काळातही बेळगावच्या रामभाऊ विजापुऱ्यांनी (१९१७–२०१०) पेटी सोडली नाही. थोर गवयांना साथ केली, शिष्य घडविले.

आमच्या माजरीच्या पूर्वेकडे, झाडीपट्टीत, दिवाळीपासून नाटकांचा हंगाम सुरू होतो. टाळ्या नटाला मिळतात. पण सूर ढळू लागला की तोच नट हळूच पेटीवाल्याकडे पाहतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

वाचकहो, यंदा गाण्याला बसाल तेव्हा गवयाच्या शेजारच्या त्या अबोल माणसाकडेही घटकाभर कान द्या.