मोजलेले गाव, मोजणारी मुले

दौंड तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात दोन वर्षांपूर्वी मी चिंचोक्यांच्या दोन रांगा पाहिल्या. वर्ग चौथीचा. सकाळी शाळेत येण्याआधी ज्याने जितके हंडे पाणी भरले, तितके चिंचोके त्याने आणायचे, असे बाईंनी आदल्या दिवशी सांगितले होते. एक रांग मुलींची, एक मुलग्यांची. मुलींची रांग व्हरांडा संपवून पायरीशी पोचली, मुलग्यांची खांबाच्या अलीकडेच थांबली. तेव्हा मुलग्यांनी हळूच आपले चिंचोके लांब लांब सरकवायला सुरुवात केली. "बाई, ही पोरं फसवत्यात! चिकटून लावायला सांगा," एक मुलगी ओरडली.

सारखे माप आणि आरंभाची एकच रेघ, हा स्तंभालेखाचा पहिला नियम. तो कोणी शिकवण्याआधीच त्या मुलीने मागून घेतला.

मी शिक्षक नाही. शिरूर आणि दौंड या भीमेच्या दोन काठांवरच्या तालुक्यांविषयीचे जुने अहवाल वाचणे हा माझा अनेक वर्षांचा नाद. त्या वाचनात एक गोष्ट सतत जाणवत आली आहे. या मुलखाची मोजणी वारंवार झाली, पण मोजणारा बहुधा बाहेरचा असे.

पुण्याहून शिरूरकडे जाताना लोणीकंद लागते. पेशवाई बुडाल्यावर दोनच वर्षांत, १८२० च्या सुमारास, थॉमस कोट्स या इंग्रज डॉक्टरने तिथली घरे, माणसे, गुरे, अवजारे यांची नोंद केली. ती १८२३ मध्ये छापली गेली. पुढे गो. स. घुर्ये यांनी त्याच गावाचा पुन्हा अभ्यास करून १९६० मध्ये पुस्तक लिहिले. १८७५ च्या मे महिन्यात तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुप्याला सावकारांविरुद्ध दंगे सुरू झाले आणि शिरूरकडेही पसरले. त्यानंतर सरकारी आयोग आला आणि कुणबी किती कर्जात बुडाला आहे याची कोष्टके तयार झाली.

यातले सर्वांत मोलाचे काम मला जातेगाव बुद्रुकचे वाटते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी १९१७ मध्ये पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. पण ते गाव शहराला चिकटलेले, बाहेरची मजुरी सहज मिळणारे. दूरच्या कोरडवाहू गावाचे काय, म्हणून मान आणि ना. वि. कानिटकर शिरूर तालुक्यातील जातेगावला गेले. १९२१ मध्ये त्यांचे दुसरे पुस्तक आले. जमिनीचे तुकडे, पिके, कर्ज, एकेका घराचे उत्पन्न आणि खर्च. नुसत्या शेतीवर भागते ती घरे एका गटात, बाहेरच्या कमाईची जोड देऊन भागते ती दुसऱ्या गटात आणि तरीही भागत नाही ती तिसऱ्या. हा तिसरा गटच मोठा निघाला. वाचताना वाटते, ज्या घरांची ही वर्गवारी झाली, त्या घरांतल्या मुलांना ती कळली असेल का? पुस्तक इंग्रजीत होते.

आपल्या माणसांनी मोजायला घेतले नाही असे मात्र नाही. पुण्याच्या सार्वजनिक सभेने १८७६-७७ च्या दुष्काळात जिल्ह्याजिल्ह्यांतून स्वतः माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. सरकारचेच आकडे सरकारवर उलटवणारे गणेश व्यंकटेश जोशी तर पेशाने शाळामास्तर. गोखल्यांनाही त्यांच्याकडून आकड्यांची शिदोरी मिळे. पण हे मास्तर आकडे मांडत ते कौन्सिलासाठी. वर्गात मुले पाढेच म्हणत होती.

आज पाठ्यपुस्तकात आधी चित्रालेख येतो, मग स्तंभालेख, सातवीत जोडस्तंभालेख. मात्र सामग्री पुस्तकातच तयार दिलेली असते. कुठल्याशा शाळेतील मुलांचे आवडते खेळ, कुठल्याशा दुकानातील विक्री. मुलाने फक्त पट्टीने उभे खांब काढायचे. स्तंभालेखाचा जन्म मात्र अडचणीतून झालेला आहे. विल्यम प्लेफेअर याला १७८६ च्या आपल्या पुस्तकात स्कॉटलंडचा व्यापार दाखवायचा होता. हाती आकडे एकाच वर्षाचे, त्यामुळे वर्षानुवर्षांची रेषा काढता येईना. म्हणून त्याने देशागणिक पट्ट्या काढल्या. अडचण आपली असली की आकृती सुचते.

हे शिरूर तालुक्यात एका माणसाने ओळखले होते. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्थान लिव्हरमधील शास्त्रज्ञ. नोकरी संपवून १९८३ मध्ये ते पाबळसारख्या अवर्षणग्रस्त गावी आले आणि तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता शिकणे हीच शिकण्याची स्वाभाविक रीत, हा त्यांचा आग्रह. आश्रमाने आठवी ते दहावीच्या मुलांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम उभा केला. त्यात मुले माती तपासतात, जमिनीचा नकाशा काढतात, रक्तातले हिमोग्लोबिन पाहतात आणि कामाचा हिशेबही ठेवतात. आकडा इथे उत्तरपत्रिकेसाठी नसतो, कोणाच्या तरी शेताला किंवा आरोग्याला तो लागतो. ती मुले थोराड. प्राथमिक शाळेत हेच चिंचोक्यांनी करावे लागते.

म्हणून पुन्हा व्हरांड्याकडे येतो. रांगा चिकटून लागल्यावर एक मुलगा म्हणाला, "पण पोरी जास्त हायत ना!" दोन-तीन मुली खरोखरच जास्त होत्या. बाईंनी त्याला गप्प केले नाही. मुलींचे चिंचोके मुलींत आणि मुलग्यांचे मुलग्यांत सारखे वाटायला सांगितले. वाटणीनंतरही मुलीच्या ओंजळीत जास्त उरले. मग चौकटीचा कागद आला. एक चौकोन म्हणजे एक हंडा धरला तर मुलींचा खांब कागदाबाहेर जात होता. बराच वाद होऊन पाच हंड्यांना एक चौकोन ठरला. 'प्रमाण' हा शब्द बाईंनी त्यानंतर फळ्यावर लिहिला.

तक्ता भिंतीवर लागला. एक पालक बराच वेळ पाहत उभे राहिले आणि म्हणाले, "आमच्यात पोरीच भरत्यात पाणी, त्यात काय मोजायचं?" ठाऊक असणे आणि मोजलेले समोर दिसणे यात अंतर असते. ते बोलून गेले, पण निघताना तक्त्याकडे पुन्हा एकदा पाहून गेले.

शाळेतून आकडे वर जातातच. पट, हजेरी, आहार, गणवेश. ते ज्यांचे आहेत त्या मुलांना ते दिसत नाहीत. वर जाणाऱ्या आकड्याला खाली कोणी विचारणारे नसले की काय होते, हेही आपण पाहिले आहे. २०११ च्या ऑक्टोबरात राज्यभर तीन दिवस पटपडताळणी करावी लागली आणि पटावरची कित्येक मुले वर्गात सापडली नाहीत. 'चिकटून लावायला सांगा' असे म्हणणारी मुलगी प्रत्येक वर्गात असती, तर कदाचित ती वेळ आली नसती.

यंदा पावसाळ्यापूर्वी मी त्या शाळेत पुन्हा गेलो. बाईंनी प्रयोग नव्या चौथीबरोबर पुन्हा केला होता. "मुलग्यांची रांग या वेळी थोडी वाढली," त्या म्हणाल्या. मी आनंदाने मान डोलावली, तेव्हा हसून पुढे म्हणाल्या, "पाणी जास्त भरलं की चिंचोके जास्त आणले, ते मात्र मला सांगता येणार नाही. या खेपेला मुलीच म्हणाल्या, आम्ही नळावर उभं राहून मोजतो."