वनकुसवडे–चाळकेवाडी पवनक्षेत्र

सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील वनकुसवडे आणि सातारा तालुक्यातील चाळकेवाडी या गावांच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सु. 1,150 मी. उंचीवर पसरलेल्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर (उघड्या खडकाळ पठारांवर) उभारलेले, महाराष्ट्रातील मोठ्या पवनविद्युत क्षेत्रांपैकी एक. साताऱ्याहून सज्जनगड व ठोसेघर यांवरून येणारी वाट चाळकेवाडीस चढते. वनकुसवडे साताऱ्यापासून सु. 40 किमी. आहे. सड्याच्या पश्चिमेस खाली कोयनेचा शिवसागर जलाशय, त्यापलीकडे सह्याद्रीची मुख्य धार, आणि धारेपलीकडे कोकणची चिंचोळी पट्टी व अरबी समुद्र, अशी येथील भूरचना असल्यामुळे समुद्रावरून निघालेला नैर्ऋत्य मोसमी वारा फारशी भुई न तुडविता या उंचीवर येऊन पोहोचतो. वनकुसवड्याची स्थापित क्षमता सु. 259 मेगावॉट असून तेथील विकास प्रामुख्याने, पुण्यास 1995 मध्ये स्थापन झालेल्या सुझलॉन या कंपनीने केला.

वाऱ्यात साठलेली शक्ती ही त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, आणि या एका नियमावरच पवनक्षेत्राच्या जागेची सारी निवड अवलंबून असते : सेकंदास 6 मी. वेगाच्या वाऱ्याऐवजी साडेसात मीटरचा वारा लाभला, तर वेगातील वाढ पाव हिश्शाचीच दिसत असली तरी हाती येणारी शक्ती जवळजवळ दुप्पट होते. म्हणूनच जमिनीपासून 50 मी. उंचीवर दर चौ. मीटरला किमान 200 वॉट पवनशक्ती आढळावी, असा निकष शासनाने जागांच्या पाहणीसाठी दीर्घकाळ ठेवला होता. उंचीवर वारा अधिक वेगवान असतो, आणि बुलढाणा जिल्ह्यातील वाचकास तरी ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ या शब्दांचा अर्थ समजावून सांगण्याचे कारण नाही; मलकापूर-नांदुऱ्याच्या पूर्णाखोऱ्यातून अजिंठ्याच्या रांगेवर बुलढाण्यास चढून आलेल्या कोणालाही वाऱ्यातला फरक अंगावर जाणवतो. तथापि तेथे येणारा मोसमी वारा सह्याद्री व दख्खनच्या पठाराचा मोठा भाग ओलांडून आलेला असतो, तर साताऱ्याच्या सड्यावर तो जवळजवळ समुद्राचाच असतो. वऱ्हाडात चिखलदऱ्याजवळ मोथा येथे शासनाने प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला, आणि अगदी किनाऱ्यावर देवगडजवळ जामसंडे येथेही, परंतु विस्तार मोठा झाला तो साताऱ्याच्या घाटमाथ्यावर, तसेच सांगली जिल्ह्यात ढालगाव परिसरात (सु. 278 मेगावॉट) आणि धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेल येथे (सु. 528 मेगावॉट).

पवनचक्कीच्या मनोऱ्याच्या शिरावर वाऱ्याच्या दिशेस तोंड वळवून घेणारी पेटी असते. तीत तीन पात्यांच्या मंद भ्रमणाचा वेग दंतचक्रांनी वाढवून जनित्रास देण्याची योजना असते. वाऱ्यातील शक्तीचा 59.3 टक्क्यांहून अधिक अंश कोणत्याही चक्कीस काढून घेता येत नाही, हे आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने 1919 मध्ये सिद्ध केले. सेकंदास सु. 3 मी. वेगास चक्की वीज देऊ लागते, आणि सु. 25 मी. वेगाच्या झंझावातात ती स्वतःच्या रक्षणार्थ थांबविली जाते. ज्येष्ठाच्या अखेरीपासून श्रावणापर्यंत या सड्यावर विजेचे उत्पादन परमावधीस पोचते, आणि याच महिन्यांत, त्याच वाऱ्याने आणलेल्या पावसाने, खाली शिवसागर भरत असतो. कोयनेचे पाणी अडवून वर्षभर पुरविता येते, वारा मात्र आला त्या क्षणीच वापरावा लागतो. त्यामुळे सड्यावर वारा असताना चक्क्यांची वीज घ्यावी आणि तेवढे पाणी धरणात राखावे, ही जोडी निसर्गानेच लावून दिल्यासारखी आहे. 1,960 मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प आणि पवनक्षेत्र यांचा इतका निकट शेजार अन्यत्र सहसा आढळत नाही.

1990 नंतरच्या दशकात पवनचक्कीवरील भांडवली खर्च पहिल्याच वर्षी प्राप्तिकराच्या हिशेबात पूर्णपणे घसारा म्हणून दाखविण्याची सवलत होती. ती पुढे 80 टक्क्यांवर आली. या सवलतीमुळे वीजधंद्याशी संबंध नसलेल्या अनेक उद्योगांनी चक्क्या विकत घेतल्या. उत्पादन किती होते यापेक्षा उभारणी केव्हा होते याकडे त्यामुळे अधिक लक्ष गेले, हा त्या धोरणाचा दोष म्हटला पाहिजे.

याहून मोठा प्रश्न सड्याचा. जांभ्याच्या या उघड्या पठारांवर माती अंगुलभर, पीक नाममात्र. म्हणून महसुली दफ्तरात अशा जमिनी ‘पोटखराब’ किंवा ‘पडीक’ या सदरात पडत आल्या, आणि पडीक जमिनीवर मनोरे उभारल्याने कोणाचे काही जात नाही असे गृहीत धरले गेले. वस्तुतः पावसाळ्याच्या उत्तरार्धात याच खडकावर गेंद, सीतेची आसवे आणि कीटकभक्षी दवबिंदू फुलतात. येथल्या एका सरड्याचे, ज्याच्या नराच्या गळ्याखाली निळा, काळा व नारिंगी पंखा उघडतो, 2016 मध्ये ‘सारडा सुपर्बा’ असे शास्त्रीय नामकरण झाले. त्यातील पहिले पद मराठी ‘सरडा’ या शब्दावरूनच घेतलेले आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की चक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी चक्क्या नसलेल्या भागाच्या जवळजवळ एक-चतुर्थांश उरले, आणि भक्षकाचे भय सरल्याने सरड्यांची दाटी वाढली. मात्र ते सरडे अधिक कृश होते आणि त्यांच्या गळपंख्याचे रंग फिके पडले होते. पात्यांनी पक्षी मरतात एवढीच चर्चा होत असता, संपूर्ण जीवसाखळीचा तोल कसा ढळतो हे दाखविणारे हे काम सातारच्या सड्यावर झाले, ही गोष्ट मराठी वाचकाने अभिमानाने आणि चिंतेनेही ध्यानात ठेवावी अशी आहे.

महाराष्ट्राची पवनविद्युत क्षमता 5,000 मेगावॉटच्या पुढे गेली असून ती वाढणे इष्टच आहे. जुन्या लहान चक्क्या काढून त्याच जागी थोड्या परंतु मोठ्या चक्क्या बसविल्यास नव्या सड्यास हात लावण्याची निकड कमी होईल. आणि जेथे नवा सडा घ्यावाच लागेल, तेथे मोजणी करणाऱ्याने ‘पडीक’ हा शेरा लिहिण्यापूर्वी भाद्रपदात एकदा त्यावरून अनवाणी चालून यावे.