रायफलीचे झिरोइंग
रायफलीच्या दुर्बिणीचा रोख आणि गोळीचा मार्ग ठरावीक अंतरावर एका बिंदूत आणण्याची क्रिया. गोळी सरळ रेषेत जात नाही, हळूहळू खाली येते (पहा : गुरुत्वाकर्षण), म्हणून नवी दुर्बीण बसवली की ही जुळणी अटळ. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून तीन गोळ्या झाडतात. एका छिद्रावर विसंबणे चुकीचे. तिन्हींचा मध्य धरून दुर्बिणीवरील वरची व बाजूची चकती फिरवतात. पाव कोनीय मिनिटाच्या चकतीची एक ‘टिक’ 100 मीटरवर रोख सुमारे 7 मिमी. सरकवते. काडतूस बदलले की पुन्हा तपासणी करावी लागते. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मुळे शिकारीवर निर्बंध आले. त्यामुळे तेथे आता ही क्रिया मुख्यतः सैन्य, पोलीस व क्रीडेपुरती आहे (पहा : नेमबाजी).